सब-असिस्टंट सर्जन म्हणजे नेमका कोण?

इंग्रजी अमदानीतल्या देशी डॉक्टरांना वरच्या जागा का मिळेनात, यावर पुण्यात बसून पीएच.डी. करायला निघालेल्यांसाठी हे लिहितेय. आयएमएस म्हणजे इंडियन मेडिकल सर्व्हिस, सरकारी डॉक्टरांची वरची नोकरी, आणि सिव्हिल सर्जन म्हणजे जिल्ह्याचा मुख्य सरकारी डॉक्टर, हे तुम्हाला ठाऊकच असेल. १८५५ पासून आयएमएसची परीक्षा देशी माणसालाही खुली होती, बंगालचे डॉ. सूर्यकुमार चक्रवर्ती त्याच वर्षी आत गेले. पण परीक्षा लंडनला. बोटीचं भाडं, तिथला खर्च, परतल्यावर प्रायश्चित्ताचा वाद. हे सगळं कुणाच्या आवाक्यात होतं?

माझ्या पीएच.डी.साठी या डॉक्टरांच्या बढत्यांचा तक्ता करताना मी फसले ती हुद्द्यांच्या नावांत. १८६० चा 'सब-असिस्टंट सर्जन' म्हणजे मेडिकल कॉलेजातून शिकून निघालेला देशी डॉक्टर. तेव्हा 'असिस्टंट सर्जन' हा आयएमएसमधल्या गोऱ्या साहेबाचा पहिला हुद्दा. १८७० च्या दशकात साहेब थेट 'सर्जन' झाले आणि त्यांचं सुटलेलं नाव देशी पदवीधरांना मिळालं. विसाव्या शतकात तर त्यांच्याही खालच्या पायरीवरचे हॉस्पिटल असिस्टंटच 'सब-असिस्टंट सर्जन' झाले. म्हणजे १८६० चा सब-असिस्टंट वेगळा आणि १९२० चा वेगळा, दोघांचं शिक्षणसुद्धा वेगळं! मी मात्र नाव बदललं की तक्त्यात 'बढती' लिहीत गेले. दीड वर्ष. म्हणून प्रत्येक नावापुढे साल लिहा, पगार लिहा, शिक्षण लिहा. तिन्ही मिळाल्याशिवाय बढती मांडूच नका.

पीडीएफमध्ये शब्द शोधून याद्या करणं मला मुळीच पटत नाही. दोन्ही सब-असिस्टंट एकाच यादीत येतात आणि पत्ताही लागत नाही. गाइडही असा बघा, ज्याने स्वतः बाडं उलगडलीत. "हुद्दे नंतर बघू" हे ऐकून मी गप्प बसले, तुम्ही बसू नका.

पुण्यातल्या पेशवे दफ्तरात, म्हणजे जुन्या कागदांच्या संग्रहात, या विषयाचं फारसं हाती लागत नाही. पहाटे उठून डेक्कन क्वीन धरायची आणि मुंबईच्या पुराभिलेखागारात तेव्हाच्या सरकारच्या जनरल डिपार्टमेंटची बाडं मागवायची. पहिल्या महिन्यात काही कळणार नाही. घाबरू नका, अक्षर हळूहळू डोळ्यांत बसतं.

घोले रोडवरून मी रोज जाते. हा रस्ता ज्यांच्या नावाचा, ते डॉ. विश्राम रामजी घोले असिस्टंट सर्जन होते, हे वाचून मी त्यांना कनिष्ठ समजले होते. पण त्या पिढीतल्या बहुतेक देशी डॉक्टरांची नोकरी त्याच पायरीवर संपायची. नवा तक्ता चार महिन्यांत झाला. बढत्या खूप कमी झाल्या, पण उरलेल्या प्रत्येक नावापुढे आता पगाराचा आकडा आहे.