चेंडू गेला की फॉरवर्ड थांबतात, त्यावरचा उपाय

साताऱ्यात १२-१४ वर्षांच्या मुलांना हॉकी शिकवताना हीच अडचण: चेंडू हिसकावला गेला की फॉरवर्ड, म्हणजे पुढे आक्रमण करणारे खेळाडू, कमरेवर हात ठेवून उभे. दम कमी नसतो. बचाव म्हणजे फुलबॅकचं, मागच्या खेळाडूंचं काम, असं डोक्यात बसलेलं असतं. नुसतं ओरडून ते जात नाही. खेळाचा नियमच बदलला, तेव्हा फरक पडला.

२३ मीटरच्या रेषेपुढे, प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडच्या भागात, ४ विरुद्ध ४. चेंडू गेला की मोठ्याने ५ आकडे मोजायचे. तेवढ्यात परत मिळवला तर १ गुण, प्रतिस्पर्ध्याने रेषा ओलांडली तर त्यांना २. २ मिनिटांचा डाव, १ मिनिट विश्रांती, असे ६ डाव. जवळच्या एकानेच चेंडूवर जायचं. बाकीच्यांनी आधी आपल्या गोलच्या बाजूला यायचं. सगळेच धावले की एका पासमध्ये चौघेही मागे पडतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सरळ अंगावर धावणं. दोन-अडीच मीटरवर वेग कमी करा, डावा पाय पुढे ठेवा आणि समोरच्याला आपल्या उजवीकडे, म्हणजे त्याच्या रिव्हर्स स्टिककडे (त्याची डावी बाजू, जिथे स्टिक उलटी करून खेळावं लागतं) वळवा. मुरमाड मैदानावर चेंडू उसळतो, म्हणून स्टिक जमिनीलगतच हवी.