ग्वाल्हेरच्या किल्ल्याला निघताना आधी गाडीचे ठरवा

ग्वाल्हेरला निघालेल्या ओळखीच्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारते, तो रेल्वेच्या तिकिटाचा किंवा हॉटेलाचा नसतो. किल्ला पाहून झाल्यावर तुमचे वाहन कोणत्या दरवाजाशी उभे असेल, एवढेच मी विचारते. बहुतेकांना प्रश्नाचा अर्थ कळत नाही, आणि चार वर्षांपूर्वी मलाही तो कळला नसता. त्या वेळी मी वडिलांना घेऊन गेले होते. त्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले, आणि या किल्ल्याच्या वाटेवर असलेल्या चतुर्भुज मंदिरातले, इसवी सन ८७६ च्या शिलालेखात कोरलेले शून्य एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढ्यासाठीच त्यांनी हा प्रवास मागून घेतला होता. आम्ही किल्ल्यावर पाच तास होतो आणि ते शून्य न पाहता परत आलो. म्हणून ही यादी लिहीत आहे. तिच्यातल्या बाकीच्या गोष्टी थोड्या कमीजास्त झाल्या तरी सहल पार पडेल. वाहनाची गोष्ट मात्र चुकू देऊ नये.

सह्याद्रीतल्या गडांची सवय असलेल्या माणसाची इथे हमखास गल्लत होते. ज्या वाटेने गड चढायचा त्याच वाटेने उतरायचा, हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. ग्वाल्हेरचा किल्ला म्हणजे उत्तर-दक्षिण पसरलेले एक लांबलचक पठार आहे आणि त्यावर जाण्याच्या दोन मुख्य वाटा दोन विरुद्ध अंगांना आहेत. पश्चिमेला उरवाई दरवाजा, जिथून मोटारी थेट माथ्यापर्यंत जातात. आणि ईशान्येला शहरातले लोक ज्याला किला गेट म्हणतात तो भाग, जिथून फक्त पायी चढता येते. या पायवाटेच्या तळाशी गुजरी महाल आहे, आणि त्याच वाटेवर, गणेश दरवाजा आणि लक्ष्मण दरवाजा यांच्या दरम्यान, एकाच खडकातून कोरून काढलेले चतुर्भुज मंदिर आहे. जो प्रवासी उरवाईने मोटारीने वर जातो आणि उरवाईनेच खाली येतो, त्याला या दोन्ही जागा दिसतच नाहीत. भाड्याच्या गाड्या साधारणपणे उरवाईने नेतात आणि उरवाईनेच आणतात, आणि त्यांना काही सांगितले नसेल तर त्यात त्यांचा दोषही नाही.

आमच्या बाबतीत नेमके हेच झाले. मानमंदिर या राजवाड्याच्या हत्ती दरवाजापाशी आम्ही उभे होतो, तिथून पायवाट खाली उतरताना दिसत होती, आणि मी वडिलांना म्हणाले की आता उशीर होतो आहे, गाडी पलीकडे उभी आहे, शून्याचे मंदिर बहुधा खाली शहरात असेल, ते जाताना पाहू. ते मंदिर त्या क्षणी आमच्यापासून काही मिनिटांच्या उतारावर होते. शहराला वळसा घालून किला गेटला पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. गुजरी महाल बंद होत होता. मंदिर वर चढावर आहे, हे तिथल्या माणसाने हाताने दाखवले, तेव्हा वडिलांनी त्या फरसबंद खड्या वाटेकडे पाहिले आणि गुडघ्यांवर हात ठेवून, राहू दे म्हणाले. रात्रीची रेल्वे होती. पुढे त्यांना तो प्रवास झेपला नाही.

तेव्हा क्रम असा ठेवावा. सकाळी वाहनाने उरवाईने वर जावे. वर गेल्यावर चालकाला स्पष्ट सांगावे की, आम्हाला माथ्यावर सोडल्यानंतर तुम्ही रिकामी गाडी खाली घेऊन जा आणि शहराच्या बाजूने किला गेटला, गुजरी महालापाशी, येऊन थांबा. त्याला हे गाडी ठरवतानाच सांगावे, वर गेल्यावर पुन्हा सांगावे, आणि उतरायला लागण्यापूर्वी फोन करून तो तिथे पोहोचला आहे याची खात्री करून घ्यावी. वळशाचे जास्तीचे पैसे मागितले तर घासाघीस न करता द्यावेत. सामान गाडीत ठेवू नये, म्हणजे तो कुठे थांबला आहे या चिंतेने आपण घाईघाईने माघारी वळणार नाही. वाटाड्या घेणार असाल तर पैसे ठरवण्यापूर्वीच त्याला विचारावे की तो चतुर्भुज मंदिरापर्यंत पायी उतरून येईल का. नाही म्हणाला तर दुसरा पाहावा. नकाशावर शोधतानाही सावध राहावे, कारण ओरछ्याचे भव्य चतुर्भुज मंदिर याच नावाचे आहे आणि शोधल्यावर बहुतेक वेळा तेच आधी पुढे येते. ग्वाल्हेरचे मंदिर एखाद्या लहानशा खोलीएवढे आहे. विचारताना नावाबरोबर ‘शून्यवाले मंदिर’ असेही म्हणावे.

या एवढ्याशा जागेसाठी इतका आटापिटा कशाला, असे कोणी विचारील, म्हणून सांगते. प्रतिहार राजा मिहिरभोजाच्या काळात या किल्ल्याचा कोट्टपाल, म्हणजे किल्लेदार, अल्ल याने हे विष्णूचे मंदिर कोरवून घेतले. शिलालेखात देवासाठी दिलेल्या फुलबागेची मापे आहेत, २७० हात आणि १८७ हात, आणि देवाला रोज ५० माळा वाहाव्यात अशी तजवीज आहे. काळाबद्दल शंका नाही अशा भारतातल्या सर्वांत जुन्या शून्यांमध्ये ही दोन शून्ये मोडतात. त्यांची मोठी गंमत अशी की कोणी गणिती सिद्धान्त मांडायला ती कोरलेली नाहीत. बागेचा आणि फुलांचा हिशेब लिहिताना ती सहज येऊन गेली आहेत, म्हणजे तोवर शून्य रोजच्या व्यवहारात मुरलेले होते. वडील वर्गात हेच सांगत असत. दोन वर्षांनी मी भावाबरोबर पुन्हा गेले, या वेळी वरून खाली उतरत, आणि मंदिरातून त्यांना फोन करून अंक वाचून दाखवले. दोन आणि सात आपल्या आजच्या देवनागरीच्या इतके जवळचे आहेत की शिकवावे लागत नाहीत. शून्य बाकीच्या अंकांपेक्षा लहान आहे का, हे त्यांनी मला दोनदा विचारले. आहे, ते लहानसे वर्तुळ आहे. आत उजेड बेताचा असतो, म्हणून विजेरी लागते, आणि प्रकाश समोरून न टाकता बाजूने तिरपा टाकावा, तरच अक्षरांच्या खाचा उठून दिसतात. दार बंद आढळले तर लगेच पाठ फिरवू नये, आसपास राखणदाराची चौकशी करावी. यासाठी हाताशी वेळ हवा, आणि वेळ हवा तर गाडी खालच्या दरवाजाशी हवी.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी हा क्रम जास्तच महत्त्वाचा आहे. फरसबंद वाट खडी असली तरी सावकाश, हात धरून, मध्ये बसत उतरले तर निभावते. पायात घट्ट बसणारे बूट असावेत. गुळगुळीत तळाच्या चपला या दगडांवर घसरतात. काठी न्यावी. सकाळीच उतरायला लागू नये आणि अंधार होईपर्यंतही थांबू नये. गुजरी महालातले संग्रहालय बंद होण्यापूर्वी किमान सव्वा तास आपण त्याच्या दाराशी असू, असे गणित मागून पुढे मांडावे. हे राज्य पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय सोमवारी बंद असते. सोमवार टाळावा. राजा मानसिंह तोमराने आपल्या गुजर राणीसाठी, मृगनयनीसाठी, हा महाल बांधला. ग्यारसपूरहून आणलेली शालभंजिकेची, म्हणजे वृक्षाशी उभ्या स्त्रीची, मूर्ती तिथे आहे. ती समोर दिसली नाही तर कर्मचाऱ्यांना नम्रपणे विचारावे, कारण ती बंदोबस्तात ठेवलेली असते. तिच्यापुढे उभे राहिल्यावर घड्याळ पाहू नये.

आता माथ्यावरचे. उरवाईने चढताना दोन्ही अंगांच्या कड्यांत कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, पंधराव्या शतकातल्या, तोमरांच्या काळच्या. त्यांतली सर्वांत मोठी मूर्ती सत्तावन्न फुटांच्या आसपास आहे. गाडी तिथे थांबवायला लावावी. बाबराच्या हुकुमाने यांतल्या अनेक मूर्तींचे चेहरे फोडले गेले, आणि नंतर काहींची डागडुजी झाली. जवळून पाहिल्यावर हा फरक कळतो, चालत्या गाडीतून कळत नाही. परतताना पाहू, असे म्हणू नये, कारण परतीची वाट आपली ही नव्हेच.

त्यानंतर तेलीचे मंदिर. साधारण शंभर फूट उंचीच्या या मंदिराचे शिखर निमुळते होत न जाता वर लांबट घुमटीसारखे मिटते, आणि उत्तर हिंदुस्थानात असे शिखर क्वचित आढळते. त्याला चारी बाजूंनी प्रदक्षिणा घालून पाहिल्याखेरीज ते उमगत नाही. सासबहू मंदिरे १०९३ सालची, कच्छपघात राजा महीपालाच्या वेळची आहेत. मोठ्या मंदिराच्या सभामंडपातले छत मान वर करून निवांत पाहावे. गुरुद्वारा दाता बंदी छोड इथे डोके झाकायला स्वच्छ रुमाल जवळ ठेवावा. जहांगीराने गुरू हरगोविंद यांना या किल्ल्यात कैदेत ठेवले होते, आणि सुटताना त्यांनी आपल्यासोबत बावन्न राजांनाही सोडवून नेले, ही आठवण या जागेशी जोडलेली आहे. लंगरमध्ये जेवता येते, आणि दुपारच्या जेवणासाठी खाली शहरात उतरण्याची चूक कोणी करू नये; एकदा उरवाईने खाली गेलात की किला गेटची पायवाट त्या दिवसापुरती राहिलीच, हे अनुभवाने सांगते.

मानमंदिर सर्वांत शेवटी ठेवावे, कारण हत्ती दरवाजा त्याला लागूनच आहे आणि तिथूनच आपल्याला उतरायचे आहे. बाहेरच्या भिंतीवरच्या निळ्या टाइल्स, पिवळी बदके आणि केळीची झाडे सकाळच्या उन्हात जास्त उजळतात हे खरे आहे, पण त्यापायी क्रम मोडू नये. आत जमिनीखाली दोन मजले आहेत. जिने अरुंद आणि काळोखे आहेत, वटवाघळांचा वास असतो, आणि ज्यांना कोंडल्यासारखे होते त्यांनी खाली न गेलेले बरे. मोगलांच्या काळात हा किल्ला राजकैद्यांचा तुरुंग होता. औरंगजेबाने आपल्या भावाला, मुराद बक्षाला, १६६१ साली इथेच मारवले. विजेरीची बॅटरी इथे संपवू नये, ती पुढे शून्यासाठी लागणार आहे.

संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम पाहण्यासारखा आहे, पण तो पायी उतरण्याच्या दिवशी ठेवू नये. तो संपतो तेव्हा अंधार झालेला असतो आणि मग पुन्हा उरवाई हाच मार्ग उरतो. त्यासाठी दुसरी संध्याकाळ राखावी. त्या संध्याकाळी गाडी वर थांबली तरी हरकत नाही.

किल्ल्यासाठी पूर्ण एक दिवस आणि शहरासाठी दुसरा, असे दोन मुक्काम हवेतच. एका दिवसात दोन्ही उरकायला गेले की जे कापले जाते ते उताराचेच टोक असते. किला गेटहून सूफी संत महंमद घौसची कबर आणि तिच्या आवारातली तानसेनाची साधी समाधी जवळ आहे. पहिल्या दिवशी उजेड उरला तर ती पाहावी. दुसऱ्या दिवशी जयविलास राजवाडा. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली बांधलेल्या या वाड्यातल्या संग्रहालयाची साप्ताहिक सुट्टी आणि वेळा त्याच आठवड्यात फोनवर विचारून घ्याव्यात, गेल्या वर्षी कोणी काय सांगितले होते त्यावर विसंबू नये. दरबार दालनातली दोन झुंबरे प्रत्येकी साडेतीन टनांची आहेत आणि जेवणाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी मुलांना आवडते. दोन-अडीच तास लागतात. लष्कर भागातल्या शिंद्यांच्या छत्र्या आणि फुलबागेजवळची राणी लक्ष्मीबाईंची समाधी ही दोन ठिकाणे मराठी माणसाने चुकवू नयेत. राणी जून १८५८ मध्ये याच शहरात लढताना पडल्या.

बाकीचे थोडक्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जावे. मे महिन्यात दगड तापतात आणि वृद्धांना नेणे धोक्याचे आहे. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्यांना उशीर होतो, म्हणून परतीचे आरक्षण किल्ल्याच्या दिवशीचे घेऊ नये. मुंबईहून पंजाब मेल आणि पुण्याहून झेलम ग्वाल्हेरला थांबतात. ओळखपत्र, पाणी, टोपी, नेहमीची औषधे. तिकीट फोनवरून काढता येत असले तरी सुटे पैसे जवळ असावेत. फोन पूर्ण चार्ज केलेला असावा, कारण हत्ती दरवाजातून बाहेर पडण्यापूर्वी चालकाला विचारायचेच आहे की गाडी किला गेटला लागली आहे का. त्याने, अजून इकडेच आहे, येतोच, असे सांगितले तर तिथेच सावलीत बसून राहावे आणि तो पोहोचल्याचा फोन आल्यावरच पहिले पाऊल खाली टाकावे.