मेटल डिटेक्टिंग सुरू करताय? मशीनचं नंतर बघू, आधी खड्डा खणायला शिका

मशीन फिरवून जमिनीत पुरलेल्या जुन्या धातूच्या वस्तू शोधायच्या, इंग्लंडमधल्या मराठी मंडळींपैकी कुणाला या छंदाची ओढ लागली की मला फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, मशीन कुठलं घेऊ? नोक्ता, मिनलॅब, गॅरेट, कुणाचंही सुरुवातीचं मॉडेल घ्या, चालतं. सोबत हातात धरायचा पिनपॉइंटर (वस्तू नेमकी कुठे ते दाखवणारा छोटा डिटेक्टर) आणि एक मजबूत स्पेड (खणायचं सपाट पात्याचं फावडं), बास. महागड्या मशीनच्या जाहिराती वर्षभर तरी बघू नका.

परमिशनशिवाय शेतात पाय ठेवायचा नाही. शेतातून पब्लिक फूटपाथ (लोकांना चालायचा हक्क असलेली पायवाट) जातो म्हणून त्याच्या कडेला खणायचा हक्क मिळत नाही, हे कित्येकांना माहीतच नसतं. शेतकऱ्याला प्रत्यक्ष जाऊन भेटा आणि काही सापडलं तर वाटणी कशी ते कागदावर लिहून घ्या. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं सभासद झालात की विमा मिळतो, तो दाखवला की बोलणं सोपं होतं. जमीन शेड्यूल्ड मॉन्युमेंट, म्हणजे कायद्याने संरक्षित ऐतिहासिक जागा, असेल तर मात्र मालक हो म्हणाला तरी चालत नाही, 1979 च्या कायद्याप्रमाणे खास परवानगीशिवाय तिथे डिटेक्टर फिरवणं हाच गुन्हा आहे. हे सगळं इंग्लंड-वेल्सचं, स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

ऑगस्टमध्ये गहू निघाला की धसकटांच्या शेतात जा, कॉइल (मशीनच्या खालच्या टोकाची चकती) जमिनीला समांतर आणि अगदी जवळ ठेवा, सावकाश चाला.

आता खरं काम. सिग्नल ऐकू येणं सोपं आहे, ती वस्तू न तोडता बाहेर काढणं अवघड, आणि हे कुणी नीट शिकवतच नाही. सगळे सांगतात, "बीप झालं की खणा". मी पहिलं वर्षभर तेच करत होतो. दीड फुटाचे खड्डे, अर्धा तास माती चिवडायची आणि शेवटी वस्तू नाहीच. एकदा तर पहिल्या एलिझाबेथचं चांदीचं सिक्सपेन्स माझ्या स्पेडच्या धारेने मधोमध वाकलं. चारशे वर्षं जमिनीत धड राहिलेलं नाणं मी एका सेकंदात बिघडवलं, त्याचं वाईट मला अजून वाटतं.

चूक दोन ठिकाणी होती. एक म्हणजे मी एकाच बाजूने कॉइल फिरवून जागा ठरवत होतो. तसं करू नका. सिग्नल आला की आहात तिथून काटकोनात वळा आणि परत फिरवा, दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात ती जागा. वळल्यावर आवाज तुटला किंवा जागा सरकली तर बहुतेक लोखंडी खिळा असतो. हल्लीच्या बऱ्याच मशीनना डीडी कॉइल (आत D आकाराची दोन वेटोळी असलेली) असते, तिच्यासाठी अजून एक युक्ती: कॉइल डावी-उजवीकडे छोटी छोटी हलवत स्वतःकडे ओढत आणा, आवाज जिथे बंद होईल तिथे कॉइलच्या पुढच्या टोकाखाली वस्तू असते. घरामागच्या गवतावर एक नाणं टाकून हे पन्नास वेळा करा, मगच शेतात जा.

दुसरी चूक स्पेडची. मी जागेच्या अगदी जवळ आणि तिरका स्पेड घालायचो, आणि तिरकी धार जमिनीखाली नेमकी वस्तूकडेच जाते. जागेपासून वीतभर लांब, स्पेड सरळ उभा दाबा, चारही बाजूंनी, मग ढेकूळ अख्खं उचला. कुरण असेल तर तीनच बाजू कापा, चौथी बिजागरीसारखी ठेवा म्हणजे गवताची मुळं जिवंत राहतात आणि नंतर झाकण बंद करून पायाने दाबलं की जागा ओळखू येत नाही. ढेकूळ बाजूला ठेवलं की लगेच हाताने उकरू नका!! आधी खड्ड्यावर कॉइल फिरवा. आवाज खड्ड्यात नसेल तर तो ढेकळात आहे, ढेकूळ अर्धं करा, कुठल्या अर्ध्यात आहे बघा, परत अर्धं करा. शेवटच्या मूठभर मातीत पिनपॉइंटर. दोन मिनिटांत होतं.

नांगराच्या थराखाली मात्र जायचं नाही. वरची माती नांगराने आधीच हललेली असते, खालची हललेली नसते, आणि तिथे वस्तू कशी कशाशेजारी पडलीय हाच पुरावा असतो. तिथून सिग्नल येत असेल किंवा एकामागून एक नाणी निघायला लागली तर थांबा, जागा झाका, तुमच्या काउंटीच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला (सापडलेल्या वस्तू नोंदवणारा अधिकारी) फोन करा. 1992 मध्ये हॉक्सनला एरिक लॉज एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला गेले आणि त्यांना रोमन खजिना लागला, पण त्यांनी सगळं स्वतः न उकरता कळवलं, म्हणून पुरातत्त्ववाल्यांना तो जागेवरच नीट काढता आला. जवळपास पंधरा हजार नाणी होती. आणि बॉम्बसारखं काही दिसलं तर हात न लावता लांब व्हा आणि 999.

सुट्टीत मशीन घेऊन भारतात जातो, गडावर फिरवतो, असं म्हणणारेही मला भेटलेत. कृपा करून नको. संरक्षित स्मारकाच्या जागेत असं खणणं बेकायदा आहे, आणि 1878 च्या कायद्याप्रमाणे जमिनीत 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. आपल्या गडांच्या मातीतून एक शिवराई अशी उपटली की ती कुठल्या थरात होती हे कायमचं गेलं.

घरी आल्यावर नाणं घासू नका, ब्रश नाही, व्हिनेगर नाही, काही नाही. सापडल्या जागेचा ग्रिड रेफरन्स (नकाशावरचा जागेचा क्रमांक) शेतातच फोनमध्ये लिहून ठेवा आणि प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत. मग त्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला दाखवा, पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये (लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी योजना) नोंद होते, पैसे लागत नाहीत. 300 वर्षांहून जुनी, 10 टक्के तरी सोनं-चांदी असलेली वस्तू किंवा अशी दोन नाणी एकत्र सापडली तर ती कायद्याने ट्रेझर (खजिना), 14 दिवसांत कॉरोनरला (अशा खजिन्याची चौकशी करणारा अधिकारी) कळवायची. एकटं नाणं सहसा ट्रेझर ठरत नाही पण नोंद तरी करा. माझं ते वाकलेलं सिक्सपेन्ससुद्धा मी नोंदवलंय.