शुक्राची रोजकीर्द

मनगटाचं हाड मोडलं आणि माझा उजवा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेला. नमाजआधीचा वजू (हात-तोंड-पाय धुणं) करायचा म्हणजे डाव्या हाताने नळ सोडायचा, डाव्याच ओंजळीने तोंडावर पाणी घ्यायचं आणि उजव्या हातावर, प्लास्टरवरून, नुसता ओला हात फिरवायचा. तेवढी सवलत शरीअतने दिलेली आहे. डावा हात धुवायला मात्र दुसरा हातच नाही. तो नळाखाली धरून कोपरापर्यंत उलटसुलट फिरवत राहायचं. सजद्यात (नमाजात कपाळ जमिनीला टेकताना) एकच तळवा जमिनीला टेकायचा.

प्लास्टर निघालं त्या दिवशी जोहरच्या (दुपारच्या नमाजच्या) वजूला उजव्या मनगटावर पाणी पडलं. कातडी पांढरी पडलेली, पापुद्रे सुटलेले, मनगट डाव्यापेक्षा बारीक झालेलं. पाणी कोपराकडे ओघळत गेलं आणि मी नळ चालूच ठेवून तशीच उभी राहिले. कळायला लागल्यापासून दिवसातून पाच वेळा हेच पाणी याच मनगटावरून जात होतं. एकदाही ते मला जाणवलं नव्हतं.

त्याआधी मी शुक्र, म्हणजे अल्लाहचे आभार मानणं, करत नव्हते असं नाही. रोजच्या फर्ज (सक्तीच्या) नमाजच्या १७ रकातींत (आवर्तनांत) १७ वेळा सूरह फातिहा (कुरआनचा पहिला अध्याय) होते आणि तिची सुरुवातच ‘अल्हम्दुलिल्लाह’ने (सगळी स्तुती अल्लाहची) आहे. शिंक आली तरी तोच शब्द, कुणी ‘कसं चाललंय?’ विचारलं तरी तोच. शब्द माझ्या जिभेवर होता, पण तो कशाबद्दल म्हणतेय हे मला ठाऊक नव्हतं. पुढे जे सांगणार आहे ते एवढ्याचसाठी: शुक्र नेमका कसा करायचा, आणि त्यातून स्वतःला कसं सुधारायचं. मी आलिमा, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली, नाही. हिशेबाच्या कामात आयुष्य गेलेली बाई आहे, त्यामुळे माझी पद्धतही हिशेबाची आहे.

आधी एक वही

साधी वही घ्या. आमच्या धंद्यात रोजकीर्द म्हणतात तशी: डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे (खर्च). इशाची (रात्रीची) नमाज झाली की तिथेच बसून लिहा. झोपायच्या खोलीत वही नेली की राहून जातं, हा माझा अनुभव आहे.

जमेच्या बाजूला तीनच नोंदी करायच्या. यादी लांबवू नका. ‘अल्लाहच्या नेमती (देणग्या) मोजायला गेलात तर मोजून होणार नाहीत’ असं कुरआनच सांगतं (१६:१८), तेव्हा सगळं मोजायचा हा प्रयत्न नाहीच. हा पाहायचा सराव आहे. म्हणून नियम असा की नोंद आजचीच हवी आणि डोळ्यांना दिसेल इतकी बारीक हवी. ‘तब्येत चांगली आहे’ ही नोंद मी स्वतःकडूनही स्वीकारत नाही. ‘आज जिना चढताना गुडघा दुखला नाही’ ही स्वीकारते. ‘मुलं चांगली आहेत’ असं लिहू नका. ‘धाकटीने न सांगता माझा चष्मा शोधून दिला’ असं लिहा. पहिला आठवडा सोपा जातो. दुसऱ्या आठवड्यात नोंदी संपल्यासारखं वाटतं, आणि खरा सराव तिथूनच सुरू होतो, कारण मग दिवसाच नजर शोधायला लागते: आज रात्री काय लिहायचं?

पैगंबरांनी (स.अ.) सांगितलंय की माणसाच्या शरीरात ३६० सांधे आहेत आणि रोज सूर्य उगवला की प्रत्येक सांध्यावर एक सदका (दानधर्म) देणं लागतं. दोघांमध्ये न्याय करणं हा सदका, कुणाला ओझं चढवायला हात देणं हा सदका, चांगला शब्द हा सदका, वाटेतला त्रासदायक दगडकाटा दूर करणं हाही सदका. आणि या सगळ्याला चाश्तच्या (सूर्य वर आल्यावरच्या ऐच्छिक नमाजच्या) दोन रकाती पुरतात, असंही सांगितलंय. ही हदीस (पैगंबरांचं वचन) मी लहानपणापासून ऐकत आले होते. मनगट मोडल्यावर त्या ३६० मधला एक सांधा मला प्रत्यक्ष भेटला.

शुक्र कशाला म्हणायचं

इस्लामी विद्वान इमाम गझालींनी (मृत्यू इ.स. ११११) शुक्राचे तीन भाग सांगितले: इल्म, हाल आणि अमल. नेमत कुणाकडून आली ते ओळखणं, त्यामुळे मनात आनंद आणि नम्रता येणं, आणि ती नेमत देणाऱ्याला आवडेल अशा कामी लावणं. पहिल्या दोहोंवर आपण थांबतो. तिसरा भाग वहीत उतरवला तेव्हा माझी पद्धत पुरी झाली: जमेच्या प्रत्येक नोंदीपुढे मी एक बाण काढते आणि ‘याचं काय केलं?’ ते लिहिते. मनगट बरं झालं → शेजारच्या आजींचे सरकारी अर्ज भरून दिले. आज एक तास मोकळा मिळाला → फोन बघण्यात घालवला. दुसरी नोंद लिहिताना लाज वाटली. तीच नोंद मग नाव्याच्या पानावर गेली. शुक्र आणि सुधारणा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे मला त्या बाणाने शिकवलं. मिळालेलं कुठे वाया गेलं ते दिसलं की सुधारायचं काय तेही दिसतं. कुरआनात दाऊद पैगंबरांच्या घराण्याला सांगितलंय ते पाहा (३४:१३): शुक्र म्हणून ‘अमल करा’.

अरबीत शुक्र या शब्दाची एक जुनी छटा आहे. थोड्या चाऱ्यावरही अंगाने भरलेलं दिसणाऱ्या जनावराला ‘शकूर’ म्हणत. खाल्लेलं अंगावर दिसलं पाहिजे. हा अर्थ कळल्यापासून मी स्वतःला विचारते, मला मिळालेलं माझ्या अंगावर कुठे दिसतं?

नाव्याचं पान

इथे जास्त वेळ द्या, कारण इथेच बहुतेक जण वही सोडून देतात.

मुहासबा, म्हणजे स्वतःचा हिशेब घेणं. आपला ‘हिशेब’ त्याच अरबी धातूतून आलेला. ‘तुमचा हिशेब घेतला जाण्याआधी तुम्हीच स्वतःचा हिशेब घ्या’ हे दुसरे खलीफा हजरत उमर (रजि.) यांचं म्हणून सांगितलं जाणारं वाक्य. पण हिशेबाची एक शिस्त असते: सगळी खाती एका रात्रीत तपासायला घेतली तर एकही ताळा जुळत नाही. मी पहिल्या रात्री नाव्याला अकरा दोष लिहिले होते. तिसऱ्या रात्री वही उघडायचीच भीती वाटली. म्हणून आता एका वेळी एकच दोष. तो निवडायचा कसा? तुमच्यामुळे घरात सगळ्यात जास्त त्रास कुणाला होतो ते शोधा, दोष तिथेच सापडतो.

माझा दोष माझ्या धाकटीने सांगितला. ती दहा वर्षांची होती. म्हणाली, “अम्मी, तू रागावलेली नसलीस तरी तुझा आवाज रागावलेला असतो.” मी त्यावरही आवाज चढवूनच म्हणाले, “मी कुठे रागावले?”

मग पुढचे तीन महिने फक्त आवाज. सकाळी फजरनंतर (पहाटेच्या नमाजनंतर) एका वाक्यात नीयत (संकल्प): ‘आज घरी आल्यावर पहिला अर्धा तास आवाज खाली.’ दिवसभराची नव्हे, तेवढ्या अर्ध्या तासाचीच, कारण माझा तोल तेव्हाच जातो. नीयत नेमकी वेळ आणि जागा सांगणारी असावी, ‘मी चांगली वागेन’ ही नीयत दुपारपर्यंतही टिकत नाही. राग आलाच तर हदीसमध्ये सांगितलेला उपाय: उभे असाल तर बसा, बसूनही गेला नाही तर आडवे व्हा. मी खरोखर बसते. दारातून आत आल्यावर पर्स खांद्यावर असतानाच जमिनीवर बसलेली आहे मी. बसल्यावर मला ओरडायला श्वासच पुरत नाही. ‘अऊजु बिल्लाह’ (मी अल्लाहचा आश्रय मागते) म्हणते, आणि जे बोलायचं ते बसूनच बोलते.

रात्री वहीत टिंब किंवा फुली. टिंब म्हणजे जमलं, फुली म्हणजे नाही. वाक्यं लिहायची नाहीत. त्याला कारण आहे: अल्लाहने झाकलेली आपली चूक आपणच उघडी करत फिरू नये अशी ताकीद आहे, आणि वही कधी कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. दुसऱ्याचा दोष तर या वहीत येताच कामा नये. ‘सासूबाईंनी टोमणा मारला म्हणून’ असं लिहायचा मोह मला झालेला आहे. ते लिहिलं की हिशेब तुमचा राहत नाही, त्यांचा होतो.

फुली पडली की पुढे काय, हेही ठरलेलं हवं. तौबेच्या (पश्चात्तापाच्या) अटी उलमांनी (धर्मपंडितांनी) स्वच्छ सांगितल्या आहेत: ते काम थांबवा, मनातून पस्तावा करा, पुन्हा न करण्याचा निश्चय करा, आणि कुणाचा हक्क मारला असेल तर तो परत करा. चौथी अट सगळ्यात जड. मुलीची माफी मागायची म्हणजे तिच्या उंचीला खाली बसायचं आणि ‘माझं चुकलं’ एवढंच म्हणायचं. ‘पण तूही…’ हे पुढे जोडायचं नाही. पहिल्यांदा मागितली तेव्हा ती गोंधळली आणि ‘असू दे’ म्हणून पळाली. तिसऱ्या-चौथ्यांदा माझ्या गळ्यात पडली.

फुल्या जास्त दिसल्या तर धीर सोडू नका. अल्लाहला सगळ्यात प्रिय अमल तो, जो नेमाने केला जातो, मग तो थोडा का असेना, हे पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये आहे. मासिक पाळीच्या दिवसांत नमाज नसते, तेव्हा माझी वहीही बंद पडायची. आता त्याच वेळी, त्याच जागी बसते. जिक्र (अल्लाहचं स्मरण), दुआ आणि हिशेब यांना त्या दिवसांत आडकाठी नाही.

माणसांचा शुक्र

‘जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही.’ ही हदीस पाठ असते आणि घरातलीच माणसं सुटतात. नुसतं ‘जझाकल्लाहु खैरन’ (अल्लाह तुम्हाला चांगलं फळ देवो) म्हणा, फार मोठी दुआ आहे ती. पण सोबत कारणही सांगा. मी नवऱ्याला म्हणाले, “प्लास्टरच्या दिवसांत तुम्ही रोज माझी वेणी घातलीत, वाकडी का होईना, जझाकल्लाहु खैरन.” लग्नाला सोळा वर्षं झाली होती. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझा कंगवा धुऊन जागेवर ठेवलेला दिसला.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते: शुक्राचा दगड करून दुसऱ्याच्या दुःखावर मारू नका. आपल्यापेक्षा कमी मिळालेल्याकडे पाहा, ही शिकवण स्वतःच्या मनाला आवरायला आहे. आजारी किंवा घरात मौत झालेल्या माणसाला ‘शुक्र कर, लोकांचं याहून वाईट होतं’ हे सांगण्यासाठी नाही. मला हात मोडल्यावर हे कितीतरी जणांनी ऐकवलं आणि प्रत्येक वेळी एकटं वाटलं. कुरआनातले याकूब (अलै.) मुलासाठी रडून रडून दृष्टी गमावून बसले आणि म्हणाले, ‘मी माझं दुःख आणि वेदना अल्लाहपाशीच मांडतो’ (१२:८६). पैगंबरांच्या (स.अ.) मांडीवर त्यांचा लहानगा इब्राहीम गेला तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते. रडणं म्हणजे नाशुक्री नव्हे. अशा माणसाजवळ बसा, त्याचं एखादं काम उचला. तुमच्या ३६० सांध्यांपैकी एकाचा सदका तिथेच होईल.

झोपताना

वही मिटली की शेवटचं काम. पैगंबरांच्या कन्या हजरत फातिमा (रजि.) यांचे हात जातं ओढून ओढून दुखायचे. मदतीला कुणी माणूस मिळावं म्हणून त्या वडिलांकडे गेल्या. त्या रात्री पैगंबर (स.अ.) स्वतः त्यांच्या घरी आले आणि नोकरापेक्षा बरी गोष्ट सांगतो म्हणाले: अंथरुणावर पडलात की ३३ वेळा सुबहानल्लाह (अल्लाह पवित्र आहे), ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर (अल्लाह सगळ्यात मोठा). दमलेल्या हातांच्या बाईला सांगितलेली ही तस्बीह आहे, म्हणून मला ती फार जवळची.

मी मण्यांची माळ घेत नाही. उजव्या हाताच्या पेरांवर मोजते. अंगठा पेरावरून पेरावर सरकतो तेव्हा मनगट अजून थोडं ओढतं, थंडीत जास्तच. अल्हम्दुलिल्लाहच्या ३३ वेळा मी त्या दिवसाच्या तीन नोंदी आळीपाळीने आठवते, एकेकीला अकरा वेळा. तिसरी तस्बीह पुरी व्हायच्या आधी कधीकधी डोळा लागतो. सकाळी जाग येते तेव्हा अंगठा कुठल्यातरी पेरावर टेकलेला असतो.