नवा मॅनेजर येतोय म्हणतात? मग शेरा मारण्याआधी त्याला असा तपासा

फुटबॉल क्लबचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, गेला की दिवस मावळायच्या आत पाच-सहा नावं फिरायला लागतात. आमच्या दांडिया बाजारात सेव-उसळीवर तरी वाढून घेता घेता शेजारचे मोटाभाई 'नाम बहु मोटुं छे' म्हणून एकाला पसंती देऊन टाकतात. माझा भाचा मोबाइल पुढे करतो, "मावशी, बघ ना, काय खेळवतो हा!" आणि दीड मिनिटाची क्लिप लावतो. दोघांची तळमळ खरी आहे, पण मोठं नाव आणि छोटी क्लिप एवढ्यावर माणूस ठरवू नये.

मी नोकरीभर वडोदऱ्यात बँकेच्या कर्जविभागात प्रस्ताव तपासले आणि 1999 पासून मँचेस्टर युनायटेडची आहे. सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन 2013 मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर मॉयेस, व्हॅन हाल, मोरिन्यो, सोलशायर, रांगनिक, टेन हाग, अमोरिम अशी रांगच लागली. प्रत्येक वेळी मी बँकेतल्यासारखीच फाइल उघडते. पार्टी कितीही बडी असो, तीन वर्षांचे कागद वाचल्याशिवाय आणि जागेवर जाऊन आल्याशिवाय शिफारस लिहायची नाही, ही ती शिस्त. तुमचा क्लब कुठलाही असो, पद्धत तीच चालेल.

आधी आपला क्लब वाचा

बहुतेक जण सुरुवात उमेदवारापासून करतात. मी वहीचं पहिलं पान आपल्या क्लबसाठी ठेवते, कारण माणूस चांगला की वाईट यापेक्षा तो या जागी बसेल का, हा प्रश्न मोठा आहे.

त्या पानावर एवढं लिहा: तिशी ओलांडलेले मुख्य खेळाडू कोण, कोणाचा करार कधी संपतो, कोणत्या जागेला खराखुरा माणूसच नाही, आणि खरेदीचा निर्णय कोण घेतं, मॅनेजर की स्पोर्टिंग डायरेक्टर (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा प्रमुख). करार आणि वयं ट्रान्सफरमार्क्ट या संकेतस्थळावर फुकट मिळतात. शेवटच्या प्रश्नासाठी क्लबच्या मागच्या दोन-तीन खरेद्या कोणाच्या आग्रहाने झाल्या ते शोधा.

मॉयेस यांचं उदाहरण घ्या. एव्हर्टनमध्ये अकरा वर्षं बेताच्या पैशात संघ वर ठेवणारा माणूस. युनायटेडने त्यांना सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांत काढलं. सगळं खापर त्यांच्यावर फुटलं, पण त्यांना मिळालेला संघ पाहा. 2012-13 चं विजेतेपद 11 गुणांच्या फरकाने जिंकलेलं असलं तरी फर्डिनंड, व्हिडिच, एव्हरा, गिग्ज सगळे उतारावर होते. त्याच उन्हाळ्यात मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही गेले. खरेदीची मुदत संपता संपता हाताला लागला तो फेलायनी. ट्रॉफी कपाटात होती म्हणून संघ तरुण होत नाही. पहिलं पान नीट लिहिलं असतं तर त्या जागेवर कोणीही आला तरी त्रास ठरलेला आहे, हे दिसलंच असतं.

अमोरिमच्या वेळी हे पान आणखी मोलाचं होतं. त्याने लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबला 2021 मध्ये 19 वर्षांनी पोर्तुगालचं विजेतेपद मिळवून दिलं, 2024 मध्ये पुन्हा. खेळ 3-4-3 (मागे तीन, मध्ये चार, पुढे तीन), आणि त्यात तो बदल करत नाही हे तो स्वतः उघड सांगायचा. आमच्याकडे या रचनेला लागणारे विंगबॅक, म्हणजे कडेने बचाव आणि हल्ला दोन्ही करणारे खेळाडू, नव्हते, आणि तो आला नोव्हेंबर 2024 मध्ये, म्हणजे हंगामाच्या मध्यात. विंगबॅक डोर्गूला हिवाळी खरेदीत, फेब्रुवारी 2025 च्या सुरुवातीला घेतलं. त्या हंगामात आम्ही 42 गुणांवर पंधरावे आलो. वाईट वाटतं ते याचंच की यातलं अर्धं आधीच कागदावर होतं.

मग उमेदवाराचे कागद

ट्रॉफी मोजू नका, फरक मोजा. संघ त्याच्या हाती आला तेव्हा कितवा होता, सोडला तेव्हा कितवा, आणि लीगमध्ये त्या क्लबचा पगाराचा खर्च कितव्या क्रमांकाचा होता, हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडा. लीगमधलं स्थान बहुतेकदा पगाराच्या क्रमाच्या आसपास पडतं. जो माणूस सातत्याने त्या क्रमाच्या वर राहतो, त्याच्या हातात काहीतरी आहे.

उनाई एमेरीला आर्सेनलने नोव्हेंबर 2019 मध्ये काढलं, तेव्हा त्याची बरीच टिंगल झाली. पुढे तो व्हियारियालला गेला, जेमतेम पन्नास हजार वस्तीच्या गावातला क्लब, आणि 2021 ची युरोपा लीग जिंकला. अंतिम सामना आमच्याविरुद्धच होता, पेनल्टींवर 11-10. ती रात्र अजून टोचते. नंतर अ‍ॅस्टन व्हिला: नोव्हेंबर 2022 मध्ये सूत्रं घेतली तेव्हा संघ खालच्या तीन जागांच्या अगदी डोक्यावर होता. त्या हंगामाअखेर सातवा, पुढच्या हंगामात चौथा. एका क्लबमधून काढलेला माणूस म्हणजे थकीत खातं नव्हे. कोणत्या जागी तो खुलतो ते कागदांत सापडतं.

शेवटचं एकच वर्ष पाहून मत बनवणं सगळ्यात धोक्याचं. युर्गेन क्लॉपचा डॉर्टमुंड फेब्रुवारी 2015 मध्ये जर्मन लीगच्या तळाला होता. वरवर पाहणारा म्हणेल, संपला. लिव्हरपूलचे आकडेतज्ज्ञ इयन ग्रॅहम यांनी त्या हंगामातले सामने तपासून वेगळंच दाखवलं: संघ संधी निर्माण करत होता, समोरच्याला फारशा देत नव्हता, चेंडू तेवढा जाळ्यात जात नव्हता. आज हे तुम्हीही पाहू शकता. एक्सजी म्हणजे मारलेल्या फटक्यांच्या दर्जावरून किती गोल व्हायला हवे होते त्याचा अंदाज. दहा-पंधरा सामन्यांचा एक्सजी चांगला आणि गुण कमी असतील, तर कामात नव्हे, नशिबात खोट असण्याची शक्यता जास्त. उलटं असेल तर सावध व्हा. एका-दोन सामन्यांचा आकडा मात्र अजिबात धरू नका.

आपल्याकडचं उदाहरणही याच मापाने मोजता येतं. खालिद जमील यांनी मुंबई एफसीत तुटपुंज्या साधनांवर वर्षं काढली. मग आयझॉल एफसीत गेले, मुंबईच्या जयेश राणे, आशुतोष मेहता यांना तिकडे नेलं आणि 2016-17 ची आय-लीग जिंकून दाखवली. आधीच्या हंगामात हाच क्लब खालच्या श्रेणीत ढकलला जाणार होता. पुढच्याच वर्षी ईस्ट बंगालसारख्या मोठ्या क्लबमध्ये ते चौथे आले. माणूस तोच, पण कोलकात्यातला दबाव वेगळा, अपेक्षा वेगळ्या. 2025 मध्ये ते भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले तेव्हा माझ्या फाइलीत हे दोन्ही कागद होते आणि मी दोन्ही वाचले. मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटतो तो आयझॉलमुळे, आणि कुठे जपायचं ते कळतं ईस्ट बंगालमुळे.

खरेदीही तपासा: मॅनेजर नव्या घरी जाताना जुनेच खेळाडू मागतो का? टेन हागच्या काळात आमच्याकडे लिसांद्रो मार्टिनेझ आणि अँटनी थेट त्याच्या जुन्या क्लबातून, आयाक्सहून आले, पुढे ओनाना, डी लिख्ट, मझरावी हे आयाक्सचेच जुने. अँटनीसाठी सुमारे 95 दशलक्ष युरो मोजले आणि जानेवारी 2025 मध्ये तो उसन्यावर स्पेनच्या बेटिसला गेला. एखादा विश्वासू बरोबर आणणं समजू शकतं. सगळीच यादी जुन्या वहीतून येत असेल तर तुमच्या क्लबची शोधयंत्रणा झोपलेली आहे.

जागेवर जाऊन पाहणं, म्हणजे पूर्ण सामना

हा भाग सगळ्यात कष्टाचा आणि माझा सगळ्यात आवडता. त्याचे तीन पूर्ण सामने पाहा. एक वाईट रीतीने हरलेला, एक त्याच्यापेक्षा कमकुवत पण सगळे मागे बसलेल्या संघाविरुद्धचा, एक मोठ्या क्लबच्या मैदानावरचा. समालोचनाचा आवाज बंद करा. युरोपातले रात्रीचे सामने आपल्याकडे मध्यरात्रीनंतर असतात, म्हणून रेकॉर्डिंग रविवारी सकाळी निवांत लावलेलं बरं.

नोव्हेंबर 2024 मध्ये स्पोर्टिंगने मँचेस्टर सिटीला 4-1 हरवलं आणि ती क्लिप आमच्या प्रत्येकाच्या फोनवर होती. पूर्ण सामना पाहिला तर वेगळं दिसतं. चेंडू बहुतेक वेळ सिटीकडे, हालांडची पेनल्टी आडव्या खांबावर, आणि स्पोर्टिंगच्या हल्ल्यांचा शेवट करायला ग्योकेरेससारखा धिप्पाड, धावणारा स्ट्रायकर, ज्याने तीन गोल केले. मी वहीत लिहिलं: 'हा आपल्याकडे नाही.' अमोरिमच्या कौशल्यावर तो आक्षेप नव्हता. कर्ज मागणाऱ्याचा धंदा ज्या यंत्रावर चालतो ते यंत्र नव्या जागी येणार आहे का, एवढंच मी विचारत होते.

पाहताना नजर चेंडूवर ठेवू नका, हे जमायला थोडा वेळ लागतो. गोलकीकच्या वेळी चित्र थांबवा. दोन्ही सेंटरबॅक (मधले बचावपटू) कुठे आहेत, समोरच्याने वाट अडवली तर दुसरी वाट ठरलेली आहे का, की गोलरक्षक दर वेळी लांब भिरकावतो? चेंडू गमावल्यावर पहिल्या पाच सेकंदांत कोण पुढे धावतं, कोण हात पसरून उभं राहतं? संघ पिछाडीवर असताना बदली खेळाडू चिठ्ठी घेऊन आत येतो, कर्णधाराला देतो, तो वाचून दोघातिघांना खुणावतो. पुढची पाच मिनिटं नीट पाहा. रचना खरोखर बदलली, की फक्त माणूस बदलला? ज्याच्या संघाने सराव केलेला असतो तिथे चिठ्ठी उघडण्याआधीच दोघे आपापल्या नव्या जागी सरकलेले असतात.

आणि हरलेल्या सामन्याची शेवटची दहा मिनिटं चुकवू नका. 0-3 असताना फुलबॅक (कडेचे बचावपटू) अजून वर पळत असतील, तर ड्रेसिंग रूम त्याच्या बाजूने आहे. मला हा पुरावा कुठल्याही मुलाखतीपेक्षा मोठा वाटतो.

पत्रकार परिषदांना मी फार थोडं वजन देते. एकच बघते: हरल्यावर तो खेळाडूंची नावं घेऊन दोष देतो का. देत असेल तर खूण करून ठेवा.

हंगामी (तात्पुरता) मॅनेजर असेल तर

इथे मन घट्ट करावं लागतं. 1999 च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बायर्नविरुद्ध भरपाई वेळेत सोलशायरने मारलेला गोल ज्यांनी पाहिला, त्यांना त्याच्याबद्दल कोरडेपणाने बोलताच येत नाही. मलाही येत नाही. डिसेंबर 2018 मध्ये तो हंगामी म्हणून आला, 19 पैकी 14 सामने जिंकला, मार्चमध्ये पॅरिसला 3-1 हरवून चॅम्पियन्स लीगमध्ये पुढे गेला. 28 मार्च 2019 ला कायम झाला, आणि हंगामातल्या उरलेल्या 10 सामन्यांपैकी फक्त 2 जिंकला.

यामागे साधं कारण आहे. क्लब मॅनेजरला काढतो ते सगळं उलटं पडत असताना, नशीबही तळाला असताना. तिथून थोडी सुधारणा कोणीही आलं तरी होतेच. शिवाय नव्या माणसासमोर जो तो जीव तोडून पळतो. म्हणून हंगामी मॅनेजरचा निकाल हंगाम संपल्यावरच मोजा, आणि त्यात बलाढ्य संघांविरुद्धचे सामने किती होते ते वेगळं काढा.

शेरा लिहा, तारीख घाला

नेमणुकीच्या आधी अर्ध्या पानात मत लिहून ठेवा, अटींसकट. 'मंजूर, पण डावा विंगबॅक आणि स्ट्रायकर आल्यास.' 'मंजूर, पण उन्हाळ्यात, हंगामाच्या मध्यात नको.' अटी लिहिल्या नाहीत तर सहा महिन्यांनी प्रत्येक जण म्हणतो, मला आधीच माहीत होतं.

मग वेळ द्या. फर्ग्युसन नोव्हेंबर 1986 मध्ये आले तेव्हा युनायटेड खालून दुसरं होतं आणि पहिला चषक थेट 1990 मध्ये मिळाला. पण त्यांच्या फाइलीत आबर्डीन होतं: 1983 मध्ये रेआल माद्रिदला हरवून जिंकलेला युरोपियन कप विनर्स कप, आणि ग्लासगोच्या दोन बड्या क्लबांना मागे टाकून मिळवलेली तीन स्कॉटिश विजेतेपदं. वाट पाहायला आधार होता. आर्टेटाच्या आर्सेनलचंही तसंच: पहिले दोन्ही हंगाम आठवे, पण लीगमध्ये खाल्लेले गोल 48 वरून 39 वर आले होते. गुणांच्या आधी बचाव सुधारत होता.

दहा सामने झाले की वही काढा आणि गोलकीक, पहिली पाच सेकंदं, पिछाडीवरचे बदल, एवढंच पुन्हा पाहा. यात काही पक्कं होत असेल तर गुण कमी असले तरी थांबा. खरेदीचे दोन हंगाम जाऊनही पहिल्या पानावरची रिकामी जागा रिकामीच असेल, तर मॅनेजरच्या नावाने बोंब मारू नका. खरेदीची सही ज्यांची आहे त्यांची नावं त्याच पानावर लिहिलेली आहेत, तक्रार त्यांच्याकडे न्या.