कॉलेज जिम्नॅस्टिक्सची वाट धरणाऱ्या मुलींच्या आईबाबांसाठी

2009 च्या हिवाळ्यात आम्ही अटलांटाहून दीड तास गाडी चालवत अथेन्सला गेलो होतो. ग्रीसचं नाही, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं. लेक सात वर्षांची होती, नीट कोलांटी मारायला शिकून जेमतेम वर्ष झालेलं. स्टेगमन कोलिझियम खच्चून भरलं होतं, दहा हजारांच्या आसपास माणसं, आणि ती सगळी कॉलेजच्या मुलींचं जिम्नॅस्टिक्स बघायला आलेली! मी साताऱ्यात वाढले. आमच्या शाळेच्या मल्लखांबाला मुलांच्या घरचेच तेवढे येत. त्या दिवशी गर्दीचा तो आवाज ऐकून माझे डोळे भरून आले होते.

तिथल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या संघात कोर्टनी कुपेट्स होती. तिची वाट नीट समजून घ्या, कारण पुढे आम्ही घेतलेल्या बऱ्याच निर्णयांच्या मुळाशी तीच आहे. 2002 मध्ये ती अनइव्हन बार्सवर, म्हणजे खाली-वर बसवलेल्या दोन दांड्यांवर, जगज्जेती झाली. 2003 च्या जागतिक स्पर्धेत टाचेमागची शीर, अकिलीस, तुटली. तरी 2004 च्या ऑलिंपिकमध्ये ती उतरली, तेही खऱ्याखुऱ्या अथेन्समध्ये, आणि संघाचं रौप्य व बार्सवरचं कांस्य घेऊन आली. अठरा वर्षांची होती. या खेळात त्या वयाला ‘झालं, संपलं’ म्हणणारे पुष्कळ. तिने मात्र जॉर्जिया विद्यापीठात प्रवेश घेतला आणि 2006, 2007 अशी दोन वर्षं कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत ऑल-अराउंड, म्हणजे चारही साधनांचं मिळून, विजेतेपद मिळवलं. 2008 च्या मोसमात अकिलीसने पुन्हा दगा दिला. 2009 ला परत आली आणि एकाच स्पर्धेत ऑल-अराउंड, बार्स, बीम (अरुंद पट्टी), फ्लोअर (जमिनीवरच्या कसरती) अशी चार वैयक्तिक विजेतेपदं घेऊन गेली. कॉलेजच्या वर्षांत मिळून एकूण नऊ. शिवाय चारही वर्षं संघ विजेता.

म्हणून सांगते, कॉलेजचं जिम्नॅस्टिक्स म्हणजे ऑलिंपिक हुकलेल्यांची सोय नव्हे. तो वेगळा खेळ आहे आणि त्याची तयारीही वेगळी.

फरक गुणांत आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून 2006 मध्ये पैकीच्या पैकी 10 गुण गेले, कॉलेजात ते राहिले. प्रत्येक साधनावर संघाच्या सहा मुली खेळतात, त्यांतल्या वरच्या पाच जणींचे गुण धरतात. चार साधनं म्हणजे अशा वीस खेळ्यांचे गुण, प्रत्येकी जास्तीत जास्त 10. संघाला 197 हवे असतील तर सरासरी 9.85 पडते. आता विचार करा, उडीनंतर जमिनीवर उतरताना एक पाऊल सरकलं तर दशांशभर गुण जातो आणि पडलं तर अर्धा. म्हणजे प्रशिक्षकाला काय हवं असतं? अवघड उड्या मारणारी मुलगी नाही, दर आठवड्याला त्याच सफाईने उतरणारी मुलगी. जानेवारी ते एप्रिल, जवळपास प्रत्येक आठवड्याला सामना असतो.

आम्हाला हे उशिरा कळलं. लेक चौदाची असताना तिच्या मनगटात, हाड वाढतं त्या जागी, दुखापत झाली. तेव्हाच्या क्लबमध्ये पट्टी बांधून सराव चालू ठेवायला सांगितलं, कारण लेव्हल 10 ला, म्हणजे क्लबच्या सगळ्यांत वरच्या पातळीला, नवीन व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून मारायची उडी) बसवायचा होता. मी तीन आठवडे ऐकलं. त्या तीन आठवड्यांचं मला आजही वाईट वाटतं. शेवटी डॉक्टरांनी चार महिने हातावर भार द्यायचाच नाही म्हणून सांगितलं, आणि आम्ही क्लब बदलला. नव्या ठिकाणी त्या चार महिन्यांत तिच्याकडून फक्त पायांचं काम आणि उतरणं करून घेतलं. जमिनीवर खडूची रेघ, तिच्यावर दोन्ही टाचा जुळवून उतरायचं, हलायचं नाही. दिवसाला शंभर वेळा. पुढे कॉलेजच्या प्रशिक्षिकेने तिच्या व्हिडिओत पहिल्यांदा नोंद घेतली ती याच गोष्टीची.

हातांचंही सांगते. बार्सवर तळव्याची कातडी सोलून निघते, मुली त्याला ‘रिप’ म्हणतात. घट्टे वाढू दिले की ते उचकटून येतात, म्हणून अंघोळीनंतर प्यूमिसच्या दगडाने हळू घासायचे. माझी आई इथे आली होती तेव्हा रोज रात्री नातीच्या तळव्यांना साजूक तूप चोळून त्यावर सुती मोजे चढवायची. हातांना त्यासारखं दुसरं काही लागू पडलं नाही.

प्रवेशाबद्दल थोडक्यात. यूएसए जिम्नॅस्टिक्स या इथल्या राष्ट्रीय संघटनेच्या लेव्हल 10 वरूनच बहुतेक मुली कॉलेजात जातात, एलीट, म्हणजे आंतरराष्ट्रीय दर्जाची, होण्याची गरज नाही. दहावीचं वर्ष संपल्यावर 15 जूनपासून कॉलेजचे प्रशिक्षक मुलीशी थेट बोलू शकतात. त्याआधी नववीपासूनच शाळेतले सोळा ठरावीक ‘कोअर’ विषय पूर्ण होतायत का ते बघा. चांगली खेळाडू असूनही इथे अडकलेली मुलगी मी पाहिली आहे. ईमेल मुलीनेच लिहावं, आईने नाही. व्हिडिओ लहान ठेवा आणि उतरणं कापू नका.

पैशांचं गणित बदलत असतं. पूर्वी जाहिरातीचा पैसा घेतला की कॉलेजकडून खेळणं बंद. जुलै 2021 पासून ते बंधन गेलं, म्हणून ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेली अमेरिकेची सुनी ली जाहिरातीचा पैसा घेऊनही ऑबर्न विद्यापीठाकडून खेळू शकली. पण शिष्यवृत्ती गृहीत धरून घर चालवू नका. क्लबची फी गाडीच्या हप्त्यासारखी वर्षानुवर्षं जाते, ती परत मिळेल असं समजूच नये. माझी लेक शिष्यवृत्तीविना संघात गेली, ‘वॉक-ऑन’ म्हणून. पहिल्या वर्षी ती एकदाही सामन्यात खेळली नाही, आणि मार्च 2020 मध्ये कोविडमुळे मोसमच रद्द झाला. फोनवर ती रडली, मीही रडले. पुढच्या वर्षी बीमवर संघाच्या सहा जणींत चौथी खेळायची संधी मिळाली. दहा सेंटिमीटर रुंदीची ती पट्टी, सव्वा मीटर उंच. ती चढली तेव्हा मी श्वास धरून बसले होते. 9.775. संघाच्या पाचांत तिचा गुण धरला गेला.

अभ्यासाचं मला वाटलं होतं तेवढं कठीण गेलं नाही. सरावाला आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे. क्लबात ती त्याहून जास्त करत होती. प्रवासात बसमध्ये बसून तिने सांख्यिकीचे पेपर सोडवले आणि पदवी वेळेत घेतली.

तुमची मुलगी लहान असेल तर या जानेवारीत तिला जवळच्या कॉलेजच्या सामन्याला घेऊन जा. बीमच्या बाजूला बसा. उड्यांकडे सगळेच बघतात. तुम्ही दोघी उतरल्यानंतरच्या टाचा बघा, आणि घरी येताना गाडीत तिला विचारा, कोण हललं नाही ते.