जुनी बोट दुरुस्त करून तिच्यावर राहायचं असेल तर

जुनी बोट ताब्यात आली की हात आधी केबिनकडे वळतात. रंग, गाद्या, छोटंसं स्वयंपाकघर. तो मोह आवरा. कामाचा क्रम पाण्याला ठरवू द्या: आधी बाहेरचं पाणी आत येण्याच्या वाटा, मग गॅस आणि वीज, आणि सोयी सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटला की नव्या बसवलेल्या फळ्या गळती शोधण्यासाठी पुन्हा उखडाव्या लागतात.

बोट निवडताना

पहिली बोट फायबरग्लासची आणि 25 ते 30 फुटांची घ्या. लांबी दीडपट झाली की वजन जवळजवळ साडेतीनपट होतं, आणि रंग, शिडं, दोर, नांगर हे सगळंही महागत जातं. बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय सौदा करू नका. प्लास्टिकच्या हातोडीने तळावर आणि डेकवर हलकेच ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आतले थर सुटलेत किंवा मधलं लाकूड कुजलंय. डोलकाठीच्या बुडाशी आणि कठड्याच्या खांबांपाशी डेक पायाखाली दबतो का, तेही पाहा. इंजिन थंड असताना तुमच्यासमोर सुरू करायला सांगा, कारण आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन बरेच दोष झाकतं. स्वतंत्र तपासनीसाची फी इथे वाचवू नका.

पाण्याखालची भोकं

माझ्या मते सगळ्या दुरुस्तीत हे काम सर्वांत महत्त्वाचं आहे. सिंक, शौचालय, इंजिन थंड ठेवणारं पाणी, यांतल्या प्रत्येकासाठी तळाला भोक असतं आणि त्यावर सीकॉक म्हणजे बंद करता येणारी तोटी असते. पाण्याखाली अर्धा मीटरवर 4 सेंटिमीटरचं भोक उघडं पडलं, तर मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत येतं. बिल्जमधलं, म्हणजे बोटीच्या अगदी तळाच्या पोकळीतलं पाणी उपसणाऱ्या लहान पंपाला ते जमत नाही. त्याच्या खोक्यावर छापलेला आकडाही पाणी वर न चढवता मोजलेला असतो.

बोट पाण्याबाहेर आहे तोवर प्रत्येक सीकॉक हाताने उघडून-मिटून बघा. अडकलेला सोडवा, नाहीतर बदला. खरवडल्यावर पितळ गुलाबी दिसलं तर त्यातलं जस्त निघून गेलंय. असा भाग एक दिवस हातात तुटून येतो. त्याजागी ब्राँझचा बसवा. पाण्याखालच्या प्रत्येक नळीला जागा असेल तिथे दोन क्लिपा लावा आणि प्रत्येक सीकॉकला मऊ लाकडाचा गुडदा, म्हणजे भोकात ठोकायचं बूच, दोरीने बांधून ठेवा. गरज पडेल तेव्हा शोधायला वेळ नसतो.

याच वेळी अ‍ॅनोड, म्हणजे बाकीच्या धातूंऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, तपासा. खाऱ्या पाण्यात जस्ताचा, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा लागतो. तो निम्मा झिजला की बदलायचा, म्हणजे बोट ढकलणारा पाण्यातला पंखा आणि त्याचा दांडा शाबूत राहतात.

डेकवरची गळती

थेंब जिथे पडतो तिथून पाणी शिरलेलं नसतं. ते छताच्या आतून बरंच लांब वाहत आलेलं असतं. म्हणून संशय येईल ती प्रत्येक फिटिंग काढा. बोल्टचं भोक थोडं मोठं करा, कडेचं ओलं लाकूड काढून आतला भाग नीट वाळवा, इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या रेझिनने भरा, मग पुन्हा मापाचं भोक पाडा आणि ब्यूटाइल टेप म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी लावून फिटिंग बसवा. सिलिकोन टाळा, ते काढल्यावर जो थर उरतो त्यावर दुसरं काही चिकटत नाही. फायबर घासताना मास्क हवाच, आणि ताजं रेझिन असलेल्या केबिनमध्ये झोपू नका.

गॅस आणि वीज

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर थेट बिल्जमध्ये साचतो आणि एका ठिणगीने पेटतो. सिलिंडरचा कप्पा केबिनपासून बंद हवा, त्याच्या बुडाला बाहेर उघडणारी नळी हवी. गॅसचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा, दोन्ही अलार्म बसवा. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ लावा.

विजेचा हिशेब कागदावर मांडा. 4 अँपिअर घेणारा फ्रिज निम्मा वेळ चालला तरी दिवसाला 48 अँपिअर-तास खातो. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे फक्त फ्रिजसाठी जवळपास 100 अँपिअर-तासांची बॅटरी.

राहायला गेल्यावर

एका वेळी एकच भाग उघडा. एक बिछाना आणि चूल धुळीपासून कायम दूर ठेवा. दमटपणा चिकाटीने मागे लागतो. एक किलो एलपीजी जळताना दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. स्वयंपाक करताना वाफ बाहेर जायला छतातली झडप उघडी ठेवा, गादीखाली फटी असलेल्या पट्ट्या टाका.

सुरुवातीचे आठवडे धक्क्यालाच बांधून राहा. मग शांत हवेत जवळच नांगर टाकून एक रात्र काढा. साखळी किती सोडायची? ओहोटीला खोली 4 मीटर, भरतीने चढणारं पाणी 2 मीटर, पाण्यापासून नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची उंची 1 मीटर, मिळून 7. त्याच्या पाचपट, म्हणजे 35 मीटर. नांगर रुतला की बोटीच्या बाजूला किनाऱ्यावरच्या दोन स्थिर खुणा एका रेषेत धरा आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघा. वारा तोच असून खुणा एकमेकींपासून सरकत चालल्या असतील तर नांगर घसरतोय. इंजिन सुरू करा, नांगर उचला आणि पुन्हा टाका.